लेस्टरची मतं

बंदुकीतली अशी एकही गोष्ट नव्हती जिच्याबद्दल लेस्टर हॉकनबेरीला मत नव्हतं. चाप किती हलका असावा, दस्त्याला अक्रोडाचंच लाकूड का लागतं, नळी साफ करताना गज कुठल्या बाजूनं घालावा, पहिल्या महायुद्धात कुठल्या सैन्याची रायफल चिखलात आधी अडकली. आणि मत असलं की ते पोटात राहायचं नाही. शनिवारी तो नेमबाजीच्या क्लबात आला की जुनी माणसं गोळीबार सुरू व्हायच्या आधीच कानात बोळे घालून बसायची.

मी बोळे घालत नसे, वाद घालायचो. मी दुधाचा टँकर चालवायचो, तो खिडक्यांच्या कारखान्यात यंत्रावर होता, आणि आमची मैत्री झाली तीच मुळी भांडणातून. त्याचं म्हणणं, हरणाच्या शिकारीला सॅव्हेज ९९ पेक्षा चांगली रायफल माणसाच्या हातून झालेलीच नाही. माझं म्हणणं, माउझरच्या बोल्टपुढे बाकी सगळं झूट. चाळीस वर्षं आम्ही हे एकच भांडण भांडलो. पेनसिल्व्हेनियाच्या या वरच्या डोंगरात हिवाळा मोठा असतो, माणसाला काहीतरी उद्योग लागतो.

"अरे, तुझा बोल्ट म्हणजे संडासाच्या दाराची कडी," लेस्टर म्हणायचा. "वर कर, मागे ओढ, पुढे ढकल, खाली पाड. तोवर हरीण ओहायोत पोचून जेवायला बसतं."

"आणि तू ती दांडी खालीवर करतोस ते काय? म्हातारी हापसा मारतेय असं वाटतं."

"मार की हापसा! पाणी येतं ना माझ्या हापशाला?"

सॅव्हेजमध्ये चापाभोवतीची दांडी खाली ओढून वर मारली की नवं काडतूस आत जातं. काडतुसं बसतात एका पितळी चक्रात, गोल, एकाशेजारी एक. या चक्रावर लेस्टर तासभर बोलू शकायचा. दांडीच्या इतर जुन्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक उभी राहतात. एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, म्हणून त्यांत टोकदार गोळी घालायची सोय नाही, धक्क्यानं आतल्या आत उडायची. चक्रात ती भीती नाही. शिवाय डाव्या अंगाला एक बारकी खिडकी असते, तिच्यातून पितळेवरचा आकडा दिसतो, आत किती काडतुसं उरली त्याचा.

"ज्यानं ही खिडकी काढली ना, त्याला माणूस कळला होता," लेस्टर म्हणायचा. "घाबरलेल्या माणसाला मोजता येत नाही. म्हणून मोजायचं काम त्यानं बंदुकीकडे दिलं."

माझ्या माउझरला असली खिडकी नाही. तिला आहे एक लांब पोलादी पंजा. काडतूस जागेवरून हललं की पंजा त्याला बुडाशी धरतो तो बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही, गर्दीत आई पोराचा हात धरते तसा. हा पंजा चांगला आहे हे लेस्टरही कबूल करायचा, पण वर्षातून एकदा, नाताळात, पोटात दोन पेले गेल्यावर. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, मी असं बोललोच नाही.

पिस्तुलांना मात्र तो बंदूक म्हणायलाच तयार नसे. खांद्याला न टेकवता मारायची वस्तू म्हणजे माश्या मारायची काठी, असं त्याचं मत. त्याच्या तळघरातल्या कपाटात सगळ्या लांब नळीच्या. आणि नेमकं त्याच्याच बायकोनं एक दिवस पिस्तूल विकत आणलं.

अर्लीन वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. गाडी लांब अंधारात लावावी लागायची. तिनं नवऱ्याला न विचारता जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक चिमुकलं पिस्तूल घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. कोणत्या तरी कधीच बुडालेल्या कारखान्याचा माल, जस्ताचं स्वस्त ओतकाम, वर चांदीसारखा मुलामा. क्लबाच्या सहलीला तिनं ते टेबलावर काढून ठेवलं तेव्हा लेस्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिल्ह्यात बंदुकीवर ज्याचा शब्द शेवटचा, त्याच्या घरात हे निघालं!

"अर्लीन, हे पिस्तूल नाही गं. ही खेळण्यातली मोटार आहे, चाकं लावायची राहून गेलीत."

"माझ्या हातात बसतं ना? झालं तर मग," अर्लीन म्हणाली. "तुझ्या तोफांनी माझा खांदा काळानिळा होतो. हे पर्समध्ये मावतं, आणि मुख्य म्हणजे तुझ्यासारखं बडबडत नाही."

त्या दिवशी क्लब जेवढा हसला तेवढा पुन्हा कधी हसला नाही. तेव्हापासून घरातल्या बंदुकांचा विषय निघाला की लेस्टर अर्लीनचं पिस्तूल वगळून आकडा सांगायचा, आणि आम्हीही तोच खरा धरायचो. कुणी नवखा ते मोजायला लागलाच तर सगळा क्लब एका सुरात म्हणायचा, "ती काय बंदूक आहे?" आमच्यात ती रीतच पडून गेली होती.

या ऑगस्टमध्ये अर्लीन गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग. वसंतात कळलं, आणि शेतातली मक्याची कणसं संपायच्या आत सगळं आटोपलं. चर्चच्या तळघरात अंत्यविधीचं जेवण झालं, हॅम, बटाट्याचं सॅलड, लोकांनी घरून आणलेले ॲपल पाय. लेस्टर प्रत्येकाशी हात मिळवून "आलात, बरं केलंत" म्हणत होता. त्याची मुलगी, नाव तिचं जोडी, ओहायोहून आली होती ती परत गेली. दर रविवारी ती फोन करायची, हा "ठीक आहे" म्हणायचा.

आम्हालाही तो ठीकच वाटायचा. जेवतोय, दाढी करतोय, शनिवारी क्लबात येतोय. फक्त जरा गप्प असतो. बायको गेलेला माणूस गप्प नाही तर काय गाणं म्हणणार?

नोव्हेंबरात आमच्या क्लबात बाहेरच्या लोकांनाही येऊ देतात. हरणाचा मोसम सुरू व्हायच्या आधी ज्याला त्याला आपल्या रायफलीचा नेम तपासून घ्यायचा असतो. त्या दिवशी पिट्सबर्गहून एक गृहस्थ आला होता, नवं कोरं नारिंगी जाकीट घालून. त्याच्याकडे होती, शिकारीला नव्हे, नुसती हौसेनं आणलेली जुनी लष्करी गॅरंड. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात आमची पोरं हीच घेऊन लढली. तिच्यात आठ काडतुसं पत्र्याच्या एका पकडीत घट्ट बसवून घालतात. आठवी गोळी सुटली की रिकामी पकड टिंग असा आवाज करून बाहेर उडते. गृहस्थानं आठ गोळ्या मारल्या, टिंग झालं, आणि तो शेजारच्याला सांगायला लागला, "या आवाजानं किती पोरं मेली असतील! टिंग झालं की शत्रूला कळायचं, हा रिकामा झाला. मग तो धावून यायचा."

आम्ही सगळ्यांनी माना वळवून लेस्टरकडे बघितलं. एकानं तर तोंडाशी नेलेला कॉफीचा कप खाली ठेवला. कारण या टिंगच्या गोष्टीइतका राग लेस्टरला जगात कशाचाच नव्हता. त्याचा बाप कोरियात ती रायफल खांद्यावर वागवून आला होता. ही थाप कुणी मारली की लेस्टर त्याला पार घाम फुटेपर्यंत सोलून काढायचा. आता मजा येणार म्हणून आम्ही सरसावून बसलो.

"असेल," लेस्टर म्हणाला, आणि निशाणाचे कागद ठोकायला निघून गेला.

आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, म्हातारा निवला बुवा. मीही हसलो. लाज वाटते आता, पण हसलो खरा.

पुढच्या आठवड्यात बेव्हनं, माझ्या बायकोनं, त्याच्यासाठी डबाभर सूप दिलं ते घेऊन मी गेलो. घर इतकं आवरलेलं होतं की ओळखू येईना. ओट्यावर एक कप नाही, खुर्चीवर एक वर्तमानपत्र नाही. लेस्टरनं डबा घेतला, तळघरात गेला, आणि सॅव्हेज घेऊन वर आला.

"ही तू ने."

"तपासायला?"

"नाही. तुझीच. मी यंदा डोंगर चढणार नाही."

"पण लेस्टर, ही... काय घेणार हिचे?"

"वापर म्हणजे झालं. नुसती टांगून ठेवू नकोस."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! चाळीस वर्षं मी त्या रायफलीला हापसा म्हणून हिणवलं, आणि चाळीस वर्षं मला ती हवी होती. मी दस्त्यावर हात फिरवत राहिलो. लेस्टरच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. रायफल आडवी मांडीवर घेऊन पिकअप चालवत आलो, आणि वाटेत थांबायच्या खुणेपाशी मागे कुणी नाही बघून दांडी दोनदा खालीवर मारूनही घेतली.

बेव्ह स्वयंपाकघरात पॉट पायच्या रश्श्यात सोडायला पिठाच्या पट्ट्या कापत होती. मी रायफल डोक्यावर धरून आत शिरलो, शर्यत जिंकल्यासारखा.

"बघ! लेस्टरनं दिली. फुकट!"

तिनं सुरी खाली ठेवली. "फुकट दिली?"

"अगं, म्हणाला, तुझीच."

"तू नुसतं बोट लावलंस तरी जी तो फडक्यानं पुसून घ्यायचा, ती त्यानं तुला देऊन टाकली. आणि तू घेऊन आलास?" तिचा आवाज चढला. "का देतोयस, एवढं तरी विचारलंस का?"

"यंदा चढणार नाही म्हणाला."

"डेनी, माझ्या मामानं आधी कुत्रा देऊन टाकला होता. मग घड्याळ. सगळे म्हणाले, किती मोठ्या मनाचा माणूस!"

मामाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं. शवपेटीला खांदा द्यायला मीच होतो. या डोंगरात अशी एक गोष्ट नसलेलं घराणं शोधून दाखवा. आमच्याकडे माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही, सगळं घरातच असतं, तेल लावून, भिंतीशी उभं. आणि आम्ही मात्र दिवसभर नळीच्या लांबीवर वाद घालतो. रायफल मी टेबलावर ठेवली ती हात भाजल्यासारखी.

"जा," बेव्ह म्हणाली. "बाकीच्या सगळ्या घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. मी जोडीला फोन लावते."

"पण त्याला काय सांगू?"

"खोटं सांग. सुटलेल्या हरणांबद्दल इतकी वर्षं सांगतोयस, आज एक उपयोगाचं सांग."

आमच्यात हे तोंडावर विचारत नाहीत. 'तुला जीव द्यावासा वाटतो का' हे वाक्य मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्यापेक्षा 'तुझी बंदूक जरा मोसमापुरती दे' म्हणतात. देणाराही समजून उमजून देतो, आणि वसंतात परत मागून नेतो. नेण्याजोगा राहिला तर.

"तुझ्या तळघरात ओल आलीय," मी लेस्टरला म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचं तळघर हाडासारखं कोरडं असतं. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र तिथं बाराही महिने घरघरत असतं, आणि तेव्हाही घरघरत होतं.

"ओल?"

"ओल. माझं कपाट अर्धं रिकामं आहे. हिवाळ्यापुरत्या नेऊन ठेवतो सगळ्या. गंज चढायला नको."

तो त्या घरघरीकडे कान देऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. ओल आली असेल."

आम्ही दोघांनी मिळून एकेक रायफल गोधडीत गुंडाळून वर आणली. आणि लेस्टर बोलायला लागला! आजोबांच्या दुनळीला हात लावून म्हणाला, "हिचा डावा चाप जड आहे. ओढायची घाई केलीस तर नेम खाली जातो." पुढची मूठ मागेपुढे करून भरायच्या पंपाच्या रायफलीला थोपटून म्हणाला, "आपल्या राज्यात हरणाला आपोआप भरणारी बंदूक चालत नाही ना, म्हणून आपले लोक ही इतक्या झपाट्यानं चालवायला शिकले की वनरक्षक आपोआप भरणारी समजून झडती घ्यायचे. हिला तेल कमी घाल. थंडीत घट्ट होतं." बापाच्या आठवणीनं घेतलेली गॅरंड त्यानं स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "हिच्यात भरताना अंगठा सांभाळ, बोल्ट येऊन चेंगरतो."

मी खूश झालो. मनात म्हटलं, आला माणूस ठिकाणावर! बेव्ह उगाच घाबरते. तो मला मतं सांगत नव्हता, गाय विकणारा गिऱ्हाईकाला खोडी सांगतो तशा सांगत होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

पिकअपची फळी लावली. मी म्हणालो, "झाल्या सगळ्या."

"झाल्या?" लेस्टरनं विचारलं.

"झाल्या की."

"नीट मोजल्यास?"

"मोजल्या रे बाबा."

त्यानं मान हलवली आणि दिवा न लावताच घरात गेला.

घरी येऊन मी आणि बेव्हनं सगळ्या कपाटात लावल्या, कुलूप घातलं. पॉट पायच्या वासानं मला भूकही लागली. टेबलाशी बसलो तोच बेव्ह म्हणाली, "आणि अर्लीनची?"

"अर्लीनची कुठली?"

"पर्समधली."

मी चक्क हसलो. "ती काय बंदूक आहे?"

बोललो आणि घास हातातच राहिला. ते वाक्य माझं नव्हतंच. तीस वर्षं क्लबात सगळ्यांच्या तोंडी घोळलेलं, लेस्टरनं शिकवलेलं.

"गोळी सुटते ना तिच्यातून?" बेव्हनं विचारलं.

मी फोन लावला. वाजत राहिला. मग मी जाकीट न घालताच धावलो.

सूर्य डोंगराआड गेला होता. त्या रस्त्यावर मी इतक्या वेगानं गाडी कधी हाकली नव्हती, टँकर चालवतानाही नाही, उशीर झाला असतानाही नाही. मी रडत होतो आणि शिव्या देत होतो, आधी लेस्टरला, मग स्वतःला. नीट मोजल्यास? त्यानं विचारलं होतं. तोंडानं विचारलं होतं! आणि मी, बंदुकीतला मोठा जाणकार, मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. आता दार उघडल्यावर काय दिसणार ते डोळ्यांपुढे येत होतं, आणि ते येऊ नये म्हणून मी मोठ्यानं काहीबाही बडबडत होतो.

घरात अंधार होता. फक्त स्वयंपाकघरात ओट्यावरची बारकी ट्यूबलाइट लागलेली. मी मागच्या दारानं घुसलो.

लेस्टर टेबलाशी बसला होता. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर पिस्तुलाचे सुटे भाग, तेलाची बाटली, जुना दातांचा ब्रश. शेजारच्या खुर्चीवर अर्लीनची तपकिरी पर्स उघडी पडली होती.

"दार लाव," तो म्हणाला. "गारठा येतोय."

दार लावून मी त्यालाच टेकलो.

"बराच वेळ लावलास," लेस्टर म्हणाला.

"लेस्टर..."

"मी तुला विचारलं होतं, मोजल्यास का."

"हो."

"म्हटलं बघू, हा गाढव हिला बंदूक म्हणतो का."

"नाही म्हटलं," मी म्हणालो. "बेव्हनं म्हटलं."

"बेव्हला अक्कल आहे." तो ब्रश खाचेत फिरवत राहिला. मी समोरची खुर्ची ओढून बसलो, आणि जे आमच्यात विचारत नाहीत ते विचारलं.

"तू जीव देणार होतास?"

ब्रश थांबला. "हो," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "तू गेल्यावर ही पर्स काढली. ती गेल्यापासून उघडली नव्हती. रुमाल, खोकल्याच्या गोळ्या, चष्म्याचं घर. तळाशी ही. बाहेर काढली, आणि डेनी, काय घाण होती रे! आत कचरा, खाचेत कचरा, सगळं चिकट झालेलं. असली बंदूक मला हातात धरवेना. म्हटलं, आधी साफ तर करू."

"मग?"

"मग हे बघ." त्यानं कागदाचा एक कोपरा माझ्याकडे वळवला. ब्रशनं काढलेला ढीग होता त्यावर, मूठभरही नाही. पर्सच्या अस्तराचे धागे, आणि त्यात फिकट गुलाबी भुकटी. "तिची तोंडाला लावायची पावडर. खाचेखाचेत बसलीय. मी काढतोय, काढतोय, अजून निघतेच आहे. आणि मला ती पुसून टाकायची नाहीये."

तेव्हा तो रडला. चर्चमध्ये रडला नव्हता, खड्ड्याशी रडला नव्हता. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न करता, तेलकट हात टेबलावर पालथे ठेवून रडला. मी उठलो, त्याच्या मागे जाऊन त्याचे खांदे धरले, आणि धरूनच राहिलो. मला दुसरं काही सुचलं नाही.

"भिकार बनवलंय," थोड्या वेळानं तो म्हणाला. "ते मी आजही सांगेन."

"भिकारच आहे."

"पण मूठ बघ. तिच्या हाताएवढी. ती सांगत होती, हातात बसते म्हणून. तीस वर्षं मी तिला हसलो."

"तीही तुला हसायचीच की, लेस्टर. भर सहलीत हसली."

त्यानं नाक पुसलं. मग सुटे भाग दोन ढिगांत केले. नळी आणि वरचा सगळा भाग एकीकडे, तो माझ्याकडे सरकवला, गोळ्यांसकट. नुसती मूठ आणि तिच्या पुढचा सांगाडा आपल्यापाशी ठेवला.

"अख्खं नेलंस तर पिस्तूल म्हणून दुकानात जाऊन कागद करावे लागतील. कायद्यानं बंदूक म्हणजे हा सांगाडाच. पण याच्यातून काही सुटत नाही. तू तो वरचा भाग ने. हा माझ्याकडे राहू दे."

मी एकेक भाग निरखून पाहिला. मागे राहिलेली मूठही त्याच्याकडून मागून घेतली, उलटीसुलटी केली, परत दिली. मग मी विचारलं, "घरात आणखी काही आहे? आपण बंदूक म्हणत नाही असं?"

"नाही."

"खरं सांग."

"खरं सांगतोय. बेव्हला सांग, मोजून घे."

"तूच सांग. चल. आमची मागची खोली रिकामी आहे, हिवाळाभर राहा. जोडी उद्या येतेय. आणि सोमवारी तुला दवाखान्यात न्यायचंय, बेव्हनं ठरवलंय. तिच्याशी तू भांड, मी नाही भांडणार."

पावडरीचा ढीग त्यानं कागदातच गुंडाळला, पुडी पर्समध्ये ठेवली, पर्सची कडी लावली आणि कोट घातला.

पिकअपमध्ये तो मूठ मांडीवर घेऊन बसला होता, तिच्यावर अंगठा ठेवून. मुठीवरचा मुलामा एका जागी झिजला होता, तिथंच बरोबर. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. मला ती शांतता सोसवेना. म्हणून मी बोलायला लागलो, बंदुकीबद्दल मला ठाऊक असलेली प्रत्येक चुकीची गोष्ट. म्हणालो, नळीवाल्या रायफलीत टोकदार गोळ्या घातल्या तरी काही होत नाही, लोक उगाच घाबरतात. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणालो, सॅव्हेजचं पितळी चक्र म्हणजे नुसती शोभा. गप्प. म्हणालो, गज नळीच्या तोंडाकडून घातला काय आणि मागून घातला काय, सारखंच. एरवी यातल्या एकेका वाक्यासाठी त्यानं मला चालत घरी पाठवलं असतं. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. मला वाटलं, मी माणूस आणलाय खरा, पण त्यात लेस्टर नाही.

शेवटी माझ्याकडे एकच उरलं होतं.

"त्या पिट्सबर्गवाल्याचं मात्र खरं होतं हं," मी म्हणालो. "गॅरंडच्या त्या आवाजानं खूप पोरं मेली."

काहीच नाही. आमच्या घराचं वळण आलं. ओसरीवर दिवा लावून बेव्ह उभी होती, अंगावर माझंच जाकीट घालून. मी गाडी थांबवली, चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. लेस्टर उतरला नाही. त्याचा अंगठा मुठीवर हळूहळू फिरत होता.

"माझा बाप सांगायचा, तिथं दिवसरात्र तोफा चालायच्या," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "कुणाला काय ऐकू येणार होतं? त्या आवाजानं कुणी मेलं नाही, डेनी."